सुजलेला हात, हलके हात आणि बऱ्याच पट्ट्या

लिम्फेडेमाबद्दल, म्हणजे लसिका हा द्रव वाहून न जाता साठल्याने येणाऱ्या सुजेबद्दल, शोधायला बसलं की एकतर घाबरवणारे फोटो समोर येतात, नाहीतर ‘हलक्या स्पर्शाने शरीर शुद्ध करा’ थाटाच्या जाहिराती. मला हवं होतं ते या दोन्हींत नव्हतं. कोणाकडे जायचं, कागद कुठले लागतात, किती थांबावं लागतं, दुखतं का आणि शेवटी हात होतो कसा, एवढंच जाणून घ्यायचं होतं. आता माझं त्यातून जाऊन झालंय, तर ते क्रमाने लिहून ठेवते. मी डॉक्टर नाही. माझ्या हाताला जे लागू पडलं ते तुमच्या हाताला पडेलच असं नाही.

नोव्हेंबर २०२१ मध्ये माझी उजव्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. काखेतल्या लसिकाग्रंथी, म्हणजे आपण ज्यांना गाठी म्हणतो त्या, बऱ्याचशा काढाव्या लागल्या. मग केमो, मग रेडिएशन. जून २०२२ ला ते सगळं संपलं. घरी जाताना मिळालेल्या कागदांत ‘हाताला सूज आल्यास कळवणे’ अशी एक ओळ होती. त्या वेळी डोक्यावर केसही नव्हते, हाताच्या सुजेचा विचार कोण करणार?

पण ही गोष्ट दुर्मीळ नाही. २०१३ साली ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त अनेक अभ्यास एकत्र करून काढलेले आकडे आले होते. त्यानुसार काखेतल्या गाठी पूर्ण काढलेल्या साधारण पाचांतल्या एका बाईला पुढे हाताची सूज येते. फक्त सेंटिनेल गाठ, म्हणजे आजार पसरला तर सगळ्यांत आधी जिथे पोचेल ती, काढून भागलं तर हेच प्रमाण पाच-सहा टक्क्यांवर येतं. सूज लगेच येते असंही नाही. बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत कधीही डोकं वर काढते.

माझ्या बाबतीत ती मार्च २०२३ मध्ये आली. दुखलं काही नाही. उजव्या हातातली अंगठी निघेना, घड्याळाचा पट्टा एक भोक पुढे गेला, संध्याकाळी बाही कोपराच्या वर रुतायला लागली. मनगटाच्या वर बोट दाबून धरलं की खळगा पडायचा आणि भरायला वेळ घ्यायचा. सकाळी सगळं बऱ्यापैकी उतरलेलं असायचं, त्यामुळे ‘काल काम जास्त झालं’ असं स्वतःला सांगता यायचं. अंगठी मात्र सकाळीही निघेना, तेव्हा फोन केला.

२७ मार्चला कर्करोगतज्ज्ञांकडे गेले. मला वाटलं होतं, लगेच फिजिओथेरपिस्टचं नाव देतील. त्यांनी आधी दोन तपासण्या लिहून दिल्या. हाताच्या शिरांची डॉपलर, रक्ताची गुठळी नाही ना हे बघायला. आणि काख व छातीची सोनोग्राफी, आजार परतला नाही ना हे बघायला. “सूज म्हणजे लिम्फेडेमाच असं गृहीत धरायचं नाही. गुठळी असताना कोणी हात चोळला तर भलतंच होईल,” ते म्हणाले. हे सगळ्यांत आधी लक्षात ठेवण्यासारखं. गुठळी, अंगात चालू असलेला जंतुसंसर्ग, आटोक्यात नसलेला हृदयविकार यांपैकी काहीही असेल तर लिम्फेडेमावरचे हलक्या हाताचे उपचारसुद्धा थांबवायचे असतात.

डॉपलर तीन दिवसांत झाली. सोनोग्राफीची तारीख मिळाली ११ एप्रिलची. मधल्या दिवसांबद्दल फार लिहीत नाही. ज्यांनी अशा रिपोर्टची वाट पाहिली आहे त्यांना माहीत आहे, आणि ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगून कळणार नाही. रिपोर्ट स्वच्छ आला. सूज ‘फक्त’ लिम्फेडेमाची आहे हे ऐकून मला इतका आनंद झाला की तो आयुष्यभर राहणारा आजार आहे हे वाक्य दोन दिवस कानातच शिरलं नाही.

मग कागदांचा भाग सुरू झाला. डॉक्टरांनी पहिल्या चिठ्ठीत ‘उजव्या हाताला सूज, फिजिओथेरपी’ एवढंच लिहिलं होतं. विमा कंपनीने ती परत पाठवली. हाताला सूज हे लक्षण झालं, निदान नव्हे, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या चिठ्ठीत निदान नीट लिहून घेतलं: स्तनशस्त्रक्रियेनंतरचा लिम्फेडेमा, आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला कोड आय ९७.२. त्याखाली उपचारांची फोड करून घेतली. मॅन्युअल लिम्फ ड्रेनेज (एमएलडी, म्हणजे हलक्या हातांनी द्रव पुढे सरकवणं), बहुपदरी पट्ट्या, व्यायाम, त्वचेची निगा आणि शेवटी मापाची दाबबाही, म्हणजे हातावर दाब ठेवणारी घट्ट बाही. ‘गुठळी व आजाराची पुनरावृत्ती नाही, उपचारांस हरकत नाही’ हे वाक्यही त्याच कागदावर आलं. ही चिठ्ठी पुढे इतक्या ठिकाणी लागली की तिच्या प्रती काढून ठेवल्या होत्या ते बरं झालं. तुम्ही जाल तेव्हा डॉक्टरांच्या टेबलासमोर बसल्याबसल्याच ती वाचून घ्या. कोड नसेल तर तिथेच मागा. नंतर त्या एका ओळीसाठी पुन्हा रांगेत बसावं लागतं.

विम्याचं शेवटी अर्धवट जमलं. सत्रांचे काही पैसे मिळाले. पट्ट्यांना त्यांनी ‘वापरून टाकायच्या वस्तू’ ठरवलं आणि नाकारलं. दाबबाही मंजूर झाली, कारण तिच्यावर दाबाचा वर्ग आणि ‘वैयक्तिक मापाची’ असं दोन्ही लिहिलेलं होतं. गंमत अशी की माझा मोठा खर्च हातांवर झालाच नाही, तो पट्ट्या, फोम आणि बाही यांच्यावर झाला. हे आधी कोणी सांगितलं असतं तर पैशांची तजवीज वेगळ्या तऱ्हेने केली असती.

थेरपिस्ट शोधताना एक गोष्ट कळली. ‘लिम्फॅटिक मसाज’ करणारे पुष्कळ आहेत, लिम्फेडेमा हाताळणारे कमी. पहिल्या प्रकारात चेहऱ्यावर तेज, वजनात घट, ‘टॉक्सिन’ बाहेर वगैरे. त्यांच्याशी माझं भांडण नाही, पण काखेतल्या गाठी नसलेला हात त्यांच्या ताब्यात द्यायचा नसतो. मी फोनवर दोन प्रश्न विचारायचे: पट्ट्या बांधता का? हाताचं आकारमान मोजता का? ‘नाही, त्याची गरज पडत नाही’ असं उत्तर आलं की फोन ठेवायचा. प्रशिक्षणाबद्दलही विचारावं. उत्तर अमेरिकेत लिम्फेडेमा थेरपिस्टच्या प्रमाणपत्र परीक्षेला बसायचं तर १३५ तासांचं शिक्षण लागतं. त्यावरून हे काम शनिवार-रविवारच्या शिबिरात शिकण्याचं नाही एवढं तरी लक्षात येतं.

ज्या बाईंकडे जायचं ठरलं त्यांच्याकडे ८ मेपर्यंत जागा नव्हती. रोज यायचं असेल तरच सुरू करू, मध्ये खंड पडला तर उपयोग नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. आठवड्याचे पाच दिवस, साधारण चार आठवडे. नोकरीतून रजा काढायची तर त्याचंही पत्र लागणार होतं, तेही त्याच फेरीत घेतलं. वाट पाहण्याच्या दिवसांत करायला त्यांनी थोडं दिलं होतं: मूठ उघडमीट, खांदे फिरवणं, पोट फुगवून खोल श्वास, रोज त्वचेला साधं मलम आणि उजव्या हाताला ओरखडा, भाजणं, कीटकाचा चावा होऊ न देणं. याने सूज उतरली नाही. वाढलीही नाही.

८ मेच्या पहिल्या भेटीत उपचार असे काहीच झाले नाहीत, सगळा वेळ मोजण्यात गेला. आधी माहितीचा लांबलचक फॉर्म, मग संमतीपत्र, मग दोन्ही हातांचे फोटो. त्यानंतर मनगटापासून दर चार सेंटीमीटरवर पेनाने खूण आणि टेपने घेर, आधी डावा हात, मग उजवा. त्या घेरांवरून प्रत्येक तुकडा छाटलेला शंकू धरून आकारमान काढतात. माझ्या उजव्या हाताचं डाव्यापेक्षा १८ टक्के जास्त भरलं. मग त्यांनी मधल्या बोटाच्या मुळाशी कातडीची चिमूट धरून पाहिली. ही स्टेमरची खूण. चिमूट धरता आलीच नाही तर त्वचा जाड झाली असं समजतात. माझी धरता आली, पण डाव्या हातापेक्षा कष्टाने. “पहिल्या टप्प्यातून दुसऱ्याकडे निघालाय तुमचा हात,” त्या म्हणाल्या. पहिल्या टप्प्यात हात वर ठेवला की सूज उतरते. दुसऱ्यात नुसतं वर ठेवून भागत नाही, कारण साठलेल्या द्रवाबरोबर तंतू आणि चरबीही धरायला लागते.

माझ्या काखेतून दंडाकडे जाणाऱ्या दोन ताठ दोऱ्याही त्यांनी दाखवल्या. हात डोक्याच्या वर नेला की त्या कातडीखाली उभ्या राहायच्या. शस्त्रक्रियेनंतर अनेकींना त्या येतात. मला वाटायचं शिवण आत ओढली गेली आहे. वर्षभर त्या ताणामुळे मी हात पूर्ण वर नेणं टाळत होते आणि ते कुठल्याच तपासणीत कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

आता त्या हलक्या हातांबद्दल. कमरेवरचे कपडे काढून पाठीवर झोपायचं, वर चादर. तेल नाही, पावडर नाही. तेलाने हात घसरतात आणि इथे घसरायचं नसतं, कातडी धरून ती किंचित ताणायची आणि सोडायची असते. मला वाटलं, सुजलेल्या हातापासून सुरुवात होईल. त्यांनी मानेपासून केली, गळपट्टीच्या हाडाच्या वरच्या खळग्यात बोटं ठेवून. मग पोटावर हात ठेवून मला खोल श्वास घ्यायला लावला. मग डावी काख. मग उजव्या बाजूची जांघ. मग छातीवरून डाव्या काखेकडे आणि कुशीवरून जांघेकडे जाणाऱ्या वाटा. उजव्या हाताला बोट लागायला अर्ध्याहून जास्त वेळ गेला होता, आणि तिथेही आधी खांदा, मग दंड, मग कोपर, सगळ्यांत शेवटी मनगट आणि बोटं. गाड्या तुंबलेल्या असताना पुढचा चौक मोकळा केल्याशिवाय मागून हॉर्न वाजवून उपयोग नसतो, तसं.

दाब इतका कमी की पहिल्या दिवशी मला वाटलं, बाई अजून चाचपूनच पाहताहेत. मोजायचाच झाला तर साधारण ३० ते ४५ मिलीमीटर पारा. रक्तदाबाचा पट्टा दंडावर आवळतो तेव्हा याच्या कितीतरी वर जातो. एकाच जागी तीच हालचाल पाच-सात वेळा, संथ, मध्ये हात सैल सोडून.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी न राहवून विचारलं, “मॅडम, एवढ्या हलक्या हाताने खरंच काही होतं का?”

“जोरात केलं तर काही होणार नाही,” त्या म्हणाल्या आणि काम न थांबवता समजावत राहिल्या. कातडीच्या लगेच खाली लसिकावाहिन्यांची सुरुवात असते. त्यांच्या भिंतीतल्या पेशी एकमेकींवर किंचित चढलेल्या असतात आणि बारीक तंतूंनी आजूबाजूच्या ऊतींना बांधलेल्या असतात. कातडी ताणली की तंतू ओढले जातात, फटी उघडतात, द्रव आत शिरतो. जोर लावला तर या नाजूक नळ्या चेपल्या जातात, शिवाय त्या भागात रक्त वाढतं आणि नवा द्रव झिरपतो. पुढच्या मोठ्या वाहिन्या स्वतः आकुंचन पावून द्रव ढकलतात, त्यांना लयीची मदत होते. खोल श्वासाने छातीतली मुख्य नलिका रिकामी व्हायला मदत होते. शेवटी सगळं मानेच्या तळाशी मोठ्या शिरांत, म्हणजे रक्तातच परत जातं. उजव्या हाताचं उजवीकडे, दोन्ही पायांचं आणि डाव्या अंगाचं डावीकडे. मानेपासून सुरुवात का, हे तेव्हा कळलं.

ही पद्धत एमिल वॉडर या डॅनिश माणसाने बायको एस्ट्रिड हिच्याबरोबर १९३०च्या दशकात फ्रान्समधल्या कान इथे काम करताना बसवली आणि १९३६ साली पॅरिसमध्ये लोकांसमोर मांडली. त्यांच्याकडे कायमच्या सर्दीचे, मानेत गाठी सुजलेले लोक येत. सुजलेल्या गाठींना हात लावू नये असा तेव्हाचा रिवाज होता, आणि हे दोघं नेमकं तेच करायचे, अगदी हलकं. वॉडर वैद्यकीय डॉक्टर नव्हते. पट्ट्या, व्यायाम, त्वचेची निगा यांच्याशी जोडून तिचा सलग उपचार झाला तो बराच पुढे, जर्मनीत मायकेल फोल्डी आणि एथेल फोल्डी या डॉक्टर जोडप्याच्या कामातून. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. पहिल्या जोडप्याने स्पर्श दिला, दुसऱ्या जोडप्याने तो एकटा पुरत नाही हे मान्य केलं.

कारण खरोखरच तो एकटा पुरत नाही. २०१५ साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाची छाननी करणाऱ्या संस्थेने या विषयावरचे अभ्यास एकत्र तपासले. त्यात मोठी घट पट्ट्यांमुळे झालेली दिसली, ३० टक्क्यांच्या वर. एमएलडीची त्यात भर पडली ती थोडी, सुमारे सात टक्क्यांची, आणि तीही सौम्य ते मध्यम सूज असलेल्यांना जास्त उपयोगी पडावी अशी. मी हे वाचून त्यांच्यासमोर ठेवलं तेव्हा वाटलं होतं, वाईट वाटेल. त्या म्हणाल्या, “मग? मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं ना, पट्टी काढायची नाही म्हणून.”

तर मग हातांनी काय केलं? मला विचाराल तर तुम्हाला सांगण्यासारखी गोष्ट टेपवर मोजता येणारी नाही. शस्त्रक्रियेपासून माझ्या छातीला जो कोणी हात लावला तो काहीतरी शोधायला लावला. गाठ, पाणी, जंतू, पुनरावृत्ती. मीही आंघोळीत तिथून हात पटकन फिरवायचे. इथे रोज तासभर एक माणूस त्याच जागेवर काहीही न शोधता हात ठेवत होता. पहिल्या आठवड्यात मी ताठ पडून छताकडे बघायचे. दुसऱ्या आठवड्यात केव्हातरी झोप लागली, स्वतःच्या घोरण्याने जाग आली आणि दोघीही हसलो. त्या दोऱ्याही हळूहळू सैल पडल्या. एक तर त्यांच्या बोटांखालीच सुटली, आतून काहीतरी टचकन झाल्यासारखं वाटलं. दुखलं नाही आणि हात कानापर्यंत गेला.

सत्र संपलं की पट्ट्या. हे प्रकरण मात्र कोमल अजिबात नाही. आधी मलम, मग सुती नळीसारखा मोजा, मग प्रत्येक बोटाला वेगळी अरुंद पट्टी, मग कापसाचा किंवा फोमचा थर, कोपराच्या खळग्यात आणि मनगटाच्या हाडावर जास्तीचा, आणि त्यावर कमी ताणल्या जाणाऱ्या पट्ट्यांचे दोन-तीन पदर. औषधाच्या दुकानातली नेहमीची ताणणारी क्रेप पट्टी चालत नाही. ती आराम करतानाही आवळत राहते आणि हालचालीच्या वेळी सैल पडते. इथे उलट हवं असतं: हात स्थिर असताना दाब कमी, स्नायू हलले की जास्त. म्हणून पट्ट्या बांधून व्यायाम करायचा. तेवीस तास त्या हातावर, आंघोळीपुरत्या आणि सत्रापुरत्या काढायच्या.

पहिली रात्र वाईट गेली. हात उशीवर ठेवला तर जड, पोटावर ठेवला तर गरम, बाजूला ठेवला तर परका. बोटं सुन्न झाली की काय या भीतीने सारखी हलवून बघत होते. त्यासाठी त्यांनी सोपी खूण सांगून ठेवली होती. बोटांची टोकं गुलाबी आणि कोमट असतील तर ठीक. निळी पडली, मुंग्या आल्या आणि हलवूनही गेल्या नाहीत तर पट्टी लगेच काढायची, सकाळची वाट बघायची नाही.

व्यवहारातलं थोडं. अंगठा आणि दोन बोटांनी जेवढं होतं तेवढंच होतं, त्यामुळे सही वेगळी येते. बँकेचं काम आधी उरका. बाही रुंद असलेले किंवा बिनबाह्यांचे दोन-तीन कपडे पुरतात. पट्ट्यांचे दोन संच लागतात, एक हातावर आणि एक वाळत. धुतल्यावर पिळायच्या नाहीत, आडव्या वाळवायच्या आणि वाळल्या की घट्ट गुंडाळून ठेवायच्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी थेरपिस्टचा अर्धा वेळ गुंडाळण्यात जातो. उकाड्यात आत खाज सुटते. काडी घालून खाजवायचं नाही, ओरखडा म्हणजे जंतूंना दार. लोक ‘फ्रॅक्चर का?’ विचारतात. मी ‘हो’ म्हणायला शिकले. वेळ वाचतो.

शनिवार-रविवारी पट्ट्या घरीच बांधायच्या होत्या, म्हणून एक दिवस नवऱ्याला घेऊन गेले. बाईंनी त्यांना माझ्या हातावर शिकवलं. घरी ते पहिल्यांदा बांधायला बसले तेव्हा कपाळावर घाम.

“अहो, अंगठा राहिला.”

“राहू दे तो, मोकळा श्वास घेईल.”

“मॅडमनी सांगितलंय सगळी बोटं.”

पुन्हा सोडलं, पुन्हा बांधलं. रविवारी संध्याकाळपर्यंत ते इतके तरबेज झाले की सोमवारी बाईंनी पट्टी लगेच न सोडता आधी फोटो काढला. मला मात्र त्यांच्यापेक्षा स्वतः एका हाताने बांधायला शिकणं जास्त गरजेचं वाटलं, कारण नवरा प्रत्येक प्रवासात बरोबर असेलच असं नाही. ते शिकायला जास्त वेळ लागला. दुसरं टोक हनुवटीखाली धरायचं, हे त्यातलं गुपित.

पहिल्या आठवड्यात आकडा झपाट्याने उतरला. लघवीला जास्त जावं लागायचं, त्या म्हणाल्या हे बऱ्याच जणांना जाणवतं. दुसऱ्या आठवड्यात उतरण थांबली आणि माझं तोंड उतरलं. साठलेला द्रव आधी जातो, घट्ट झालेला भाग उशिरा ऐकतो. त्यांनी दंडाच्या आतल्या बाजूला खाचांचा फोम लावला, व्यायाम वाढवला. वजन उचलण्याची माझी भीती त्याच सुमारास गेली. वर्षानुवर्षं बायकांना सांगितलं जायचं की त्या हाताने पिशवीसुद्धा उचलू नका. २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये १४१ लिम्फेडेमाग्रस्त स्त्रियांवरचा अभ्यास आला. त्यांपैकी निम्म्यांनी, सुरुवातीला देखरेखीखाली आणि मग आपापल्या, वर्षभर हळूहळू वाढवत वजनं उचलली. त्यांची सूज बाकीच्यांपेक्षा जास्त वाढली नाही, उलट त्रास बळावण्याचं प्रमाण कमी दिसलं. अट एकच, सुरुवात अगदी हलकी आणि दाबाच्या बाहीसह.

जूनच्या पहिल्या आठवड्यात फरक सात टक्क्यांवर स्थिरावला आणि तिथून हलेना. तेव्हा बाहीचं माप घ्यायचं ठरलं. हे माप सकाळी, पट्टी सोडल्या-सोडल्या घ्यावं लागतं. संध्याकाळच्या हाताचं माप घेतलं तर बाही सुजेच्या मापाची होते. मला सपाट विणीची, वर्ग दोनची बाही दिली, जर्मन मानकाप्रमाणे २३ ते ३२ मिलीमीटर पारा, आणि सोबत पंजासाठी वेगळा मोजा. बाहीने ढकललेला द्रव पंजात जाऊन बसतो, म्हणून माझ्या हाताला तो लागणार होता. बाही बनून यायला दोन आठवड्यांच्या वर लागले. तोपर्यंत पट्ट्या सोडायच्या नव्हत्या. हा मधला काळ कोणी हिशेबात धरत नाही. मीही धरला नव्हता आणि रजा संपली होती, म्हणून कामावर पट्टी बांधूनच गेले. बाही आली ती बगलेत रुतत होती. परत पाठवली, दुरुस्त होऊन आली. पहिल्यांदा घालताना बसत नसेल तर ‘होईल सैल’ म्हणून ठेवून घेऊ नका. ती सैल होत नाही, कातडी सोलते. घालताना रबरी हातमोजा घातला तर पकड येते.

ऑगस्टमध्ये एका सकाळी दंडावर तळहाताएवढा लाल चट्टा दिसला. दुपारी थंडी वाजून ताप आला. त्वचेखालचा जंतुसंसर्ग, लिम्फेडेमात हा धोका कायम असतो. डॉक्टरांनी त्याच दिवशी प्रतिजैविक सुरू केलं. संसर्ग उतरेपर्यंत एमएलडी बंद, बाही बंद, हात उंचावर ठेवून विश्रांती. तेव्हापासून प्रवासात डॉक्टरांनी लिहून दिलेला गोळ्यांचा कोर्स आणि चिठ्ठी पाकिटात असते. लाली, उष्णता आणि ताप एकत्र दिसले की दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, एवढं घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवलंय.

आता रोजचं असं चाललंय: सकाळी मान, श्वास, डावी काख, जांघ या क्रमाने स्वतःच हलक्या हाताने वीसेक मिनिटं. त्याचा किती उपयोग होतो हे मला सांगता येणार नाही, पण हात रोज बघितला जातो आणि बदल लवकर कळतो. दिवसभर बाही. रात्री हात जड वाटला तरच पट्टी. आठवड्यातून दोनदा वजनं. फरक आठ-नऊ टक्क्यांच्या आसपास राहतो, गरम हवेत थोडा वर जातो.

थेरपिस्टकडे दर महिन्याला जायचं मी बंद केलं. त्यांनीच सुचवलं की त्या पैशांत बाही वेळेवर बदला. बाहीचा दाब सहा महिन्यांत उतरतो, मग ती घातली काय आणि नाही घातली काय. मी दोन बाह्या आलटून-पालटून वापरते आणि सहावा महिना लागायच्या आधीच नव्या मापाची तारीख घेते, कारण माप, मंजुरी आणि बनून येणं यात महिना सहज जातो. मंजुरीसाठी दर वेळी नवी चिठ्ठी लागते, जुनी चालत नाही. पुढच्या आठवड्यात तीच आणायला जायचंय. कोड टाकायला सांगायचंय.